नंबर पाच: एल्मर कीथच्या रिव्हॉल्व्हरचा प्रकरण अभ्यास

1929 च्या एप्रिलमध्ये 'अमेरिकन रायफलमन' या मासिकात एका रिव्हॉल्व्हरविषयी लेख आला. लिहिणारा होता एल्मर कीथ. वय 30, ओरेगन राज्यातल्या डर्की या लहानशा गावाजवळ त्याचं रँच. गुरं राखणं आणि शिकार हा रोजचा धंदा, बंदुकांवर लिहिणं हा जोडधंदा. लेखातलं रिव्हॉल्व्हर मुळात कोल्ट कंपनीचं 'सिंगल ॲक्शन आर्मी' होतं, म्हणजे 1873 मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेलं आणि पुढे काऊबॉयच्या कमरेला कायमचं चिकटलेलं मॉडेल. पण कीथच्या हातातल्या वस्तूत कारखान्यातून निघालेलं कोल्ट थोडंच उरलं होतं. मूठ बदललेली, घोडा बदललेला, चौकटीची वरची पट्टी बदललेली, नेम धरायची सोय नवी, सिलिंडरची आस अडकवणारी कडीसुद्धा नवी. त्याला 'नंबर पाच' म्हणतात.

सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर घरच्या टेबलावर उघडून आपल्या हाताजोगं करून घेण्याचा छंद अमेरिकेत आजही जोरात आहे. त्यातली बरीचशी कामं कुठून आली याचा माग काढत गेलं की नंबर पाचपाशी येऊन थांबावं लागतं. त्याच्यावरचं कोरीव काम आणि हस्तिदंताची मूठ देखणी आहेच, पण मला ते मोलाचं वाटतं ते दुसऱ्या कारणाने. त्यातल्या एकेका बदलामागे एकेक तक्रार आहे, आणि ती तक्रार वापरताना आलेली आहे. आधी खोड कळली, मग उपाय शोधला. हौशी कामात हा क्रम फार वेळा उलटा दिसतो. सुटा भाग दुकानात दिसतो, मनात भरतो, आणि तो बसवायला निमित्त म्हणून बंदुकीत दोष शोधला जातो.

मुळातलं यंत्र

तक्रारी कळण्यासाठी आधी यंत्र कळायला हवं. सिंगल-ॲक्शनमध्ये चाप ओढल्यावर एकच क्रिया होते, घोडा सुटतो. घोडा मागे ओढण्याचं काम प्रत्येक गोळीला अंगठ्याने करायचं. कोल्टचा घोडा हळूहळू मागे ओढला तर चार टिचक्या ऐकू येतात. पहिली सुरक्षा-खाचेची: इथे घोडा सिलिंडरपासून जरासा उचललेला राहतो. दुसरी अर्ध्या ताणाची: इथे सिलिंडर मोकळं फिरतं आणि उजव्या बाजूची झडप उघडून एकेक काडतूस भरता येतं. तिसरी, सिलिंडर अडवणारी खुंटी त्याच्या अंगावर येऊन पडल्याची. चौथी पूर्ण ताणाची. या टिचक्या स्वच्छ, एकामागोमाग, ठरलेल्या जागी आल्या तर आतलं गणित जुळलेलं आहे असं समजायचं. एखादी गिळल्यासारखी झाली किंवा दोन एकदम आल्या तर आत कुठेतरी झीज आहे. जुनं कोल्ट विकत घेणारा जाणकार आधी कान लावतो आणि मग डोळे, ते याचसाठी.

हे सगळं घडवणारे भाग मोजकेच आहेत. घोडा, चाप, खुंटी, सिलिंडरला पुढच्या घरावर (काडतूस बसतं त्या कप्प्यावर) ढकलणारा 'हात', आणि तीन पाटा-स्प्रिंगा. घोड्याची मोठी स्प्रिंग मुठीत असते. चाप आणि खुंटी या दोघांना मिळून एकच दुशिंगी स्प्रिंग, आणि हाताची एक चिमुकली. तिन्ही पोलादी पट्टीच्या. वाकत-सरळ होत त्या थकतात आणि एक दिवस तुटतात. दुशिंगी स्प्रिंगचं शिंग गेलं तर सिलिंडर अडत नाही किंवा चाप ढिला पडतो, आणि ते नेमकं गावापासून लांब असतानाच होणार. म्हणून त्या काळचे शहाणे लोक खिशात जादा स्प्रिंग आणि एक पेचकस बाळगत.

तक्रार पहिली: गोळी लागते कुठे

कारखान्याच्या कोल्टवर नेम धरायची सोय म्हणजे नळीच्या टोकावर पोलादाची एक पातळ माशी आणि चौकटीच्या वरच्या पट्टीत कोरलेला एक चर. दोन्ही अचल. गोळ्या खाली लागत असतील तर माशी घासून बुटकी करायची, म्हणजे नेम धरताना नळीचं तोंड तेवढं वर जातं. वर लागत असतील तर घासून काही होत नाही, माशीच उंच बसवावी लागते. डावी-उजवी चूक असेल तर नळी चौकटीत किंचित फिरवायची.

माशी किती घासायची याचा हिशेब सोपा आहे. चूक जितकी, तिला माशी ते चर या अंतराने गुणायचं आणि लक्ष्याच्या अंतराने भागायचं. साडेपाच इंची नळीच्या कोल्टवर हे अंतर सुमारे 16.5 सेंटिमीटर भरतं. 25 यार्डांवर, म्हणजे जवळपास 23 मीटरवर, गोळ्या 10 सेंटिमीटर खाली पडत असतील तर उत्तर येतं 0.7 मिलिमीटर. कानशीच्या थोड्या घाशांचा मामला. जास्त गेलं तर परतीची वाट नाही, म्हणून बारीक दातांची कानस, दोन-तीन घासे, पुन्हा मैदानात पाच गोळ्या, पुन्हा दोन-तीन घासे, असंच हे काम करायचं. हिशेबाने सांगितलेल्या मापाच्या अलीकडेच थांबावं, शेवटचा केसभर भाग मैदानावर ठरवावा.

मग कीथची तक्रार काय होती? तो काडतुसं स्वतः भरायचा, गोळ्या स्वतः ओतायचा. वेगवेगळ्या वजनाच्या गोळ्या एकाच रिव्हॉल्व्हरमधून वेगवेगळ्या उंचीवर लागतात. जड गोळी सावकाश जाते, नळीत जास्त वेळ राहते, आणि तेवढ्या वेळात धक्क्याने नळीचं तोंड वर उचललेलं असतं. म्हणून जड गोळी वर लागते, हलकी खाली. म्हणजे एका काडतुसासाठी माशी घासून अचूक केली की दुसऱ्यासाठी ती चुकीची ठरली. कारखान्यातून आणलेलं एकच काडतूस आयुष्यभर वापरणाऱ्याला याचं काही वाटणार नाही. कीथसारख्याला मात्र नेम धरायची मागची खाच, म्हणजे त्या चराची जागा, वर-खाली, डावी-उजवी सरकवता येणं ही गरज होती.

अशी खाच बसवायला वरची पट्टी सपाट आणि जाड हवी. कोल्टने 19 व्या शतकाच्या अखेरीस सपाट पट्टीचं नेमबाजीचं मॉडेल थोड्या संख्येने काढलं होतं, म्हणजे कल्पना नवी नव्हती. नंबर पाचवर साध्या चौकटीची पट्टी पोलाद चढवून जाड आणि सपाट केली गेली आणि तीवर सरकती खाच बसली. चौकट मजबूत झाली हा वरचा फायदा. तो किती महत्त्वाचा होता ते पुढच्या गोष्टीवरून कळेल.

तक्रार दुसरी: फुटलेलं .45

1925 च्या 4 जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, कीथने आनंदाच्या भरात आपलं .45 बोअरचं कोल्ट हवेत झाडलं. आत त्याने स्वतः भरलेली जड गोळीची काडतुसं होती. सिलिंडरच्या वरच्या अंगाची घरं फाटून निघाली आणि चौकटीची वरची पट्टीही गेली. माणूस वाचला.

(हवेत गोळीबार हे स्वतःच एक जीवघेणं वेड आहे. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी छपरावर किंवा डोक्यावर उतरतेच. लग्न-मिरवणुकीतल्या अशा बातम्या आपल्याकडेही वाचायला मिळतात.)

या अपघातातून कीथने जो निष्कर्ष काढला तो मला या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात कसदार भाग वाटतो. आणखी दणकट .45 कसं बनवता येईल या मागे तो लागला नाही. त्याने बोअरच बदलली आणि .44 स्पेशल हे काडतूस घेतलं. कारण साधं, मापाचं आहे. दोन्ही बोअरची कोल्टं एकाच बाहेरच्या मापाच्या सिलिंडरची. .45 च्या पुंगळीचा व्यास 0.480 इंच, .44 स्पेशलच्या पुंगळीचा 0.457 इंच. म्हणजे .44 मध्ये प्रत्येक घराभोवतीच्या भिंतीत जवळपास 0.3 मिलिमीटर पोलाद जास्त राहतं. आकडा किरकोळ वाटेल, पण कोल्टमध्ये सिलिंडर अडवणाऱ्या खुंटीची खाच नेमकी घराच्या वरच, आधीच पातळ असलेल्या जागी कोरलेली असते. तिथे 0.3 मिलिमीटरला किंमत येते.

बंदूक बदलण्यापेक्षा तिच्यात काय भरायचं ते बदललं तर निम्मं काम होतं. कीथने .44 साठी 250 ग्रेनच्या आसपासची, सपाट तोंडाची आणि खांद्याशी धारदार कड असलेली गोळी आखली आणि आयडियल कंपनीने 1928 च्या सुमारास तिचा साचा बाजारात आणला. 429421 हा त्या साच्याचा क्रमांक आजही गोळ्या ओतणाऱ्यांना पाठ असतो. ही गोळी कागदावर स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजायला सोपी, आणि शिकारीत खोल जाते.

मूठ

कोल्टची मूळ मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली आहे. हलक्या काडतुसाला ती अप्रतिम. धक्का बसला की मूठ तळहातात गरकन वर फिरते, घोड्याचा टेकू आपोआप अंगठ्याजवळ येतो, अंगठ्याने तो ओढून पुढच्या गोळीला तयार. तिचं आयुष्य इतकं लांबलं त्याचं हे मोठं कारण आहे. पण काडतूस जड झालं की हेच फिरणं नकोसं होतं. मूठ हातात टिकत नाही, चापाच्या कडीची मागची बाजू मधल्या बोटाच्या सांध्यावर आपटते, आणि पाच-सहा बारांनंतर हात पुढच्या धक्क्याला आधीच दचकायला लागतो. दचकणाऱ्या हाताने नेम लागत नाही.

कोल्टकडे दुसरी एक मूठ होती. इंग्लंडमधल्या बिस्ली या नेमबाजीच्या मैदानाच्या नावाने 1894 मध्ये आलेलं 'बिस्ली' मॉडेल. त्याच्या मुठीची पाठ घोड्यामागे उंच चढते, हाताला वर सरकू देत नाही. घोड्याचा टेकूही रुंद आणि खाली वळलेला, अंगठ्याला न ताणता सापडणारा. पण पूर्ण बिस्ली मूठ कीथच्या पसंतीला उतरली नाही. नंबर पाचमध्ये पाठीची पट्टी बिस्लीची आणि पुढची, चापाच्या कडीची बाजू साध्या सिंगल ॲक्शनची, असा मेळ घातला. दोन्ही पट्ट्या वाकवून, कापून एकमेकींना जुळवाव्या लागल्या. घोड्यालाही बिस्लीसारखा रुंद, खालचा टेकू मिळाला. हीच 'नंबर पाच मूठ' पुढे नावारूपाला आली.

ही कल्पना एकट्या कीथची नव्हती, आणि हे त्याने लपवलंही नाही. फिलाडेल्फियाचे हॅरॉल्ड क्रॉफ्ट नावाचे एक हौशी गृहस्थ 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुटकेस भरून रिव्हॉल्व्हर घेऊन थेट डर्कीला कीथच्या रँचवर आले होते. पूर्व किनाऱ्यापासून ओरेगनपर्यंत, त्या काळच्या रेल्वेने, केवळ बंदुका दाखवायला आणि झाडून बघायला! क्रॉफ्ट यांनी कोल्टवर निरनिराळे प्रयोग करवून घेऊन आपली रिव्हॉल्व्हरं एक ते चार अशी क्रमांकाने ओळखली जातील अशी ठेवली होती. त्या चारांमध्ये काय जमलं आणि काय फसलं यावर दोघांनी खल केला आणि त्यातून कीथचं पाचवं उभं राहिलं. नाव तिथूनच आलं.

आस आणि कडी

सिलिंडर ज्या आसेवर फिरतं ती बेस पिन. मूळ कोल्टमध्ये ती चौकटीच्या आडव्या, स्प्रिंगच्या छोट्या कळीने अडकवलेली असते. जड काडतुसांच्या धक्क्याने ती पुढे सरकते, आणि आस सरकली की सिलिंडर डळमळतं किंवा जाम होतं. नंबर पाचवर तिथे फिरवून घट्ट बसणारी कडी आली आणि पिनचं डोकं मोठं केलं गेलं, म्हणजे थंडीत, तेलकट बोटांनीही ती पकडून ओढता येते. काम छोटं, पण या एका बदलाने रिव्हॉल्व्हर भरवशाचं झालं. त्याच घाटाच्या डोक्याची बेस पिन आजही वेगळी विकत मिळते आणि गॅरेजातला नवखा माणूस बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात करतो. ते योग्यच आहे: काही कापायचं नाही, आवडलं नाही तर जुनी पिन परत बसते.

कुणी काय करावं

नंबर पाचच्या कामाला सेजली, हाउचिन्स आणि ओमिरा या नामवंत कारागिरांचे हात लागले. कीथ स्वतः हातोडी-कानशीला अनोळखी नव्हता. तरी पोलाद चढवणं, चौकट यंत्रावर सपाट करणं, मुठीच्या पट्ट्या जोडणं ही कामं त्याने त्यांच्याकडे सोपवली. घरी त्याने केलं ते गोळ्या ओतणं, काडतुसं भरणं, झाडून बघणं, टिपणं ठेवणं, आणि काय हवं ते नेमकं सांगणं. हे शेवटचं काम सोपं नाही. कारागिराला 'हातात बसत नाही' एवढंच सांगून भागत नाही. चापाची कडी बोटाला कुठे लागते, कितव्या गोळीनंतर, कोणत्या काडतुसाला, हे सांगता आलं पाहिजे.

आज असा प्रकल्प हाती घेणाऱ्याने रेष कुठे ओढावी याबद्दल माझं मत ठाम आहे. मूठ घरी करावी. बेस पिन घरी. माशी घासणं, वर सांगितलं तसं, घरी. बाहेरचं पॉलिश आणि ब्लूइंग (पोलादाला निळसर-काळा रंग देणं) धीर असेल तर घरी. घोड्याच्या खाचा आणि चापाचं टोक यांना मात्र घरी कानस लावू नये. तिथला पोलादाचा कठीण थर अगदी पातळ असतो. तो एकदा घासला गेला की चाप सुरुवातीला लोण्यासारखा हलका लागतो, आणि खालचा मऊ भाग झिजत गेला की एके दिवशी ताणलेला घोडा कुणी न ओढता सुटतो. अंगठा सटकला तर घोड्याला थोपवून धरणारी अर्ध्या ताणाची खाचही त्याच घोड्यावर आहे. वेल्डिंगचं तर नावच नको. उष्णतेने चौकटीचं पोलाद मऊ पडलं की ते डोळ्यांना दिसत नाही.

मुठीचं काम मात्र मनापासून सुचवावंसं वाटतं, कारण त्यात चुकीला जागा आहे आणि शिकायला भरपूर. आधी सिलिंडर काढून बाजूला ठेवायचं, प्रत्येक घर डोळ्याने आणि करंगळीने तपासायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. पेचकस स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणाराच हवा. निमुळत्या टोकाचा साधा पेचकस खाचेच्या कडा चावतो, आणि चावलेला स्क्रू म्हणजे कामाचा पहिला डाग. पाठीची पट्टी तीन स्क्रूंनी धरलेली असते, घोड्यामागे दोन आणि मुठीच्या तळाशी एक. लाकडाचा ठोकळा जवळजवळ आकाराला आणला की पट्टीच्या आतल्या अंगाला काजळीचा अगदी पातळ हात द्यायचा, लाकूड दाबून बसवायचं, काढायचं. जिथे काळं लागलं तिथे लाकूड उंच आहे, तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. सुरुवातीला दोन-तीन ठिपके उठतात, मग ठिपक्यांची रेघ होते, आणि शेवटी सगळ्या कडेने एकसारखी काळी किनार उमटते. तेव्हा लाकूड धातूला भिडलं. बाहेरून लाकूड धातूपेक्षा केसभर उंच ठेवून मग दोन्ही एकत्र पॉलिश कागदाने आणायचं, तेही पट्टीवरचा रंग घालवायची तयारी असेल तरच. नाहीतर धातूवर टेप चिकटवून फक्त लाकूड उतरवायचं.

लाकूड कोणतं? अक्रोड कामाला सोपं. आपलं शिसव दिसायला भारदस्त आणि तेलकट हातांना टिकणारं, बऱ्याच कारखान्यांनीही ते वापरलं आहे. सांबराच्या शिंगाच्या मुठींना अमेरिकेत फार मान. ते शिंग एके काळी भारतातूनच जायचं. आपल्याकडून निर्यात बंद झाल्यापासून जुन्या साठ्यातल्या जोडीला भलताच भाव येतो. नंबर पाचवर हस्तिदंत होतं. आज त्या वाटेला कुणी जाऊ नये, कायद्यानेही आणि हत्तींसाठीही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे सगळं अमेरिकेतलं आहे. तिथे स्वतःच्या कायदेशीर बंदुकीवर स्वतः काम करायला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही, दुसऱ्यांसाठी धंदा म्हणून करायचं तर परवाना लागतो, आणि राज्यागणिक नियम बदलतात. टेक्सास किंवा ॲरिझोनात स्थायिक झालेल्या मराठी माणसाने आपल्या राज्याचे नियम आधी वाचावेत. भारतात 1959 च्या शस्त्र अधिनियमाचं कलम 5 बंदूक बनवणं तर सोडाच, तिच्यात बदल करणं, दुरुस्ती करणं, चाचणी घेणं यालाही वेगळा परवाना मागतं. घरात परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे म्हणून त्याच्या आतल्या भागांना हात लावायची मुभा मिळत नाही. काम असेल तर ते परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच जातं.

पुढे काय झालं

1929 मध्ये नंबर पाच एका माणसाची हौस होती. कोल्टने त्यातलं काही उचललं नाही, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तर सिंगल ॲक्शन आर्मीचं उत्पादनच थांबवलं. 1953 मध्ये बिल रुगर यांच्या कंपनीने 'सिंगल-सिक्स' काढलं. त्यात पाटा-स्प्रिंगा जाऊन तारेच्या गुंडाळी स्प्रिंगा आल्या, आणि तुटण्याचा जुना प्रश्न मुळापासून मिटला. 1955 मध्ये त्याच कंपनीचं 'ब्लॅकहॉक' आलं: सपाट वरची पट्टी, सरकती मागची खाच. कीथने कारागिरांकडून पैसे मोजून करवून घेतलेली सोय आता दुकानात तयार मिळू लागली. तो ज्या ताकदीच्या .44 काडतुसासाठी कंपन्यांच्या मागे लागला होता, ते .44 मॅग्नम स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी 1955 च्या अखेरीला आणलं. 1980 च्या दशकात रुगरने 'बिस्ली' नावाने जी मूठ काढली ती जुन्या कोल्ट बिस्लीपेक्षा नंबर पाचच्या जास्त जवळची आहे. त्याच दशकात टेक्सासमध्ये बिल ग्रोव्हर यांनी तर 'इम्प्रूव्हड नंबर फाइव्ह' नावानेच रिव्हॉल्व्हर बनवलं. मूळ नंबर पाच कीथच्या कुटुंबाकडे राहिलं, आणि 2015 मध्ये त्याच्या संग्रहाच्या लिलावात विकलं गेलं.

एक दोष मात्र नंबर पाचनेही तसाच ठेवला होता. घोडा खाली असताना त्याचं टोक समोरच्या काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे ठोका बसला की पेटणाऱ्या भागावर, टेकलेलं असतं. रिव्हॉल्व्हर हातातून पडून घोड्यावर आपटलं तर बार उडतो. पहिली टिचकी देणारी ती सुरक्षा-खाच अशा आघातापुढे टिकेलच असं नाही, तिची ओठासारखी कड तुटू शकते. यावरचा उपाय आला 1973 मध्ये. रुगरच्या 'न्यू मॉडेल'मध्ये घोडा आणि फायरिंग पिन (काडतुसाच्या टोपीवर ठोका मारणारी सुई) यांच्यामध्ये एक पट्टी आहे. चाप पूर्ण ओढलेला असेल तेव्हाच ती मध्ये राहते आणि घोड्याचा घाव पिनपर्यंत पोचवते. चाप सोडला की ती खाली जाते, आणि घोडा पिनला शिवूच शकत नाही. सहाही घरं भरून बाळगता येणारं हे पहिलं खपाचं सिंगल-ॲक्शन ठरलं.

1973 पूर्वीची, बाजूला तीन स्क्रू असलेली रुगर लाखोंनी लोकांच्या घरात होती. 1982 पासून कंपनी ती परत मागवून सुधारित संच फुकट बसवून देते आणि काढलेले जुने भाग मालकाला परत पाठवते. बरेच हौशी लोक पाठवत नाहीत, कारण सुधारणेनंतर चापाचा जुना गोडवा जातो आणि संग्राहकांच्या बाजारात किंमतही उतरते. कपाटात ठेवायच्या नगाबद्दल मी वाद घालणार नाही. पण जे रिव्हॉल्व्हर कमरेला लावून डोंगरात न्यायचं आहे, त्याच्यावर शिसवाची मूठ चढवण्याच्या आधी त्याला कंपनीकडे धाडावं. परत आलेले जुने भाग नावाची चिठ्ठी लावून डब्यात ठेवावेत, विकायच्या वेळी ते सोबत द्यावेत.

जुन्या कोल्टला आणि त्याच्या हुबेहूब इटालियन नकलांना अशी सोय नाही. तिथे पाचच काडतुसं भरायची. काऊबॉय स्पर्धांमध्येही नियम हाच आहे. भरण्याची रीत अशी: घोडा अर्ध्या ताणावर, झडप उघडी, एक घर भरा, पुढचं सोडा, त्यापुढची चार भरा. झडप बंद करा. नळी सुरक्षित दिशेला धरून घोडा पूर्ण मागे ओढा आणि अंगठ्याने धरून सावकाश खाली उतरवा. तो रिकाम्या घरावर येतो. बाजूने उजेडाकडे धरून सिलिंडर आणि मागच्या चौकटीमधल्या फटीत बघा, काडतुसांच्या कडा दिसतील आणि घोड्यासमोर मोकळी जागा दिसेल.